कोंड्यातले दाणे

नागली पाखडताना कोंड्याबरोबर चार दाणेही उडतात. म्हणून जव्हार-मोखाड्यातली शहाणी बाई कोंडा टाकण्याआधी त्यात एकदा हात फिरवते. ईमेलच्या स्पॅम फिल्टरबाबतही हेच करायला हवे.

फिल्टर खरे-खोटे जाणत नाही. पाठवणारा कोण, शब्द कोणते, लिंक कुठे नेते, लोकांनी अशा मेलना आधी स्पॅम ठरवले आहे का, यावरून तो फक्त अंदाज बांधतो. अंदाज दोन्हीकडे चुकतो. ठकाचा मेल आत आला तर आपल्याला दिसतो. कामाचा मेल बाहेर फेकला गेला तर कळतही नाही.

जीमेल स्पॅममधले मेल 30 दिवसांनी कायमचे पुसते. रोज मेल पाहणाऱ्याला ही मुदत पुरते. पण घरच्यांबरोबर वीटभट्टीवर गेलेल्या, रेंजसाठी टेकडी चढणाऱ्या मुलीचे प्रवेशपत्र त्यात अडकले, तर तिचे वर्ष जाते.

म्हणून ऑनलाइन अर्ज भरून घेणाऱ्या शाळा-महाविद्यालयांनीच दोन गोष्टी शिकवाव्यात. आठवड्यातून एकदा स्पॅम फोल्डर पाहावा. ओळखीचा मेल सापडल्यास ‘स्पॅम नाही’ दाबावे, अनोळखी लिंक मात्र उघडू नये. दुसरे, खात्रीच्या पत्त्यावरचा मेल कधीही स्पॅममध्ये जाऊ नये, असा फिल्टर लावावा. ही सोय जीमेलच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये नाही, संगणकावर आहे; ती शाळेच्या संगणकावरच लावून द्यावी.

अर्ज भरला म्हणजे काम संपले, असे नाही. उत्तर मुलीच्या हाती पडले, की संपले.