मांजर खात का नाही?

प्रश्न : मी घमापुर (जबलपूर) येथे राहते. गल्लीतल्या चार मांजरांना आम्ही घरात आसरा दिला आहे. त्यातले एक बशीजवळ येते, वास घेते, पण न खाताच मागे फिरते. लाळ गळते, तोंडाला दुर्गंधी येते. पॅरासिटामॉलची अर्धी गोळी देऊ का?

उत्तर : मुळीच देऊ नका. ही गोळी मांजराला पचत नाही. तिच्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते आणि जिवावर बेतते. तुमच्या मांजराला भूक आहे, पण बहुधा तोंड दुखते आहे. दातांवर कीटण साचले की हिरड्या सुजतात. एकत्र राहणाऱ्या मांजरांत कॅलिसी विषाणूमुळे जिभेवर व्रणही होतात. म्हणून त्याची बशी वेगळी ठेवा आणि मऊ, ओलसर अन्न द्या. दोन-तीन दिवस उपास घडल्यास यकृताला धोका असतो, तेव्हा उशीर करू नका. तुमच्याच शहरात १९४८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे दाखवा. डॉक्टरांनी किडलेले, हलणारे दात काढायला सांगितले तर घाबरू नका. ३०पैकी एकही दात उरला नाही, तरी मांजर मऊ अन्नावर छान जगते.