पिशवीत तवा

शेगडी आणायला गेलो तेव्हा आमच्याबरोबर आत्यांचा तवा होता. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. इंदापूर तालुक्यात भवानीनगरच्या पुढं आमचं गाव, आणि तिकडं सासूला आत्याच म्हणायची रीत. बारामतीत घराचं काम उरकत आलं होतं, किचनच्या ट्रॉल्या बसत होत्या आणि ट्रॉलीवाला दिवसाआड फोन करत होता, "मॅडम, हॉब कुठला घेताय? ग्रॅनाइट कापायचंय." मी मोबाइलवर फोटो पाहून दोन-तीन मॉडेल मनाशी ठरवूनही ठेवली होती. निघताना आत्या कापडी पिशवी घेऊन गाडीत बसल्या. मला वाटलं, येताना भाजी आणायची असेल.

दुकानातल्या मुलानं पाच बर्नरचा काळ्या काचेचा हॉब पुसून दाखवला. बटण दाबलं की टिकटिक करून आपोआप पेटणारा, मध्ये तीन कड्यांचा भलामोठा बर्नर. "फुल फॅमिली मॉडेल आहे, काकू." आत्यांनी पिशवीतून वर्तमानपत्राची गुंडाळी काढली, कागद सोडला आणि लोखंडी तवा त्या मोठ्या बर्नरवर ठेवला. मुलगा हसला. तवा डुगडुगला. आत्यांनी तो थोडा फिरवला, तरी डुगडुगला. मग दुसऱ्या बर्नरवर.

"ह्याच्यावर भाकरी कशी भाजायची रं? आन् तो कुकर आण बरं इकडं."

शोकेसमधला पाच लिटरचा कुकर त्यांनी तव्यामागच्या बर्नरवर ठेवायला लावला. कुकरचा दांडा तव्याच्या काठाला टेकला. दांडा फिरवला तर बाजूच्या बर्नरवर आला. म्हणजे पाच बर्नर खरे, पण आमच्या भांड्यांच्या हिशेबात तीनच. मुलानं हसणं थांबवलं आणि खुर्ची आणून दिली.

मला आधी लाज वाटली, हे कबूल करते. मी फोटो बघून काच, रंग, बटणं निवडली होती. बर्नर किती, हे दुकानात सगळे विचारतात. भाकरी रोज किती, हे कुणी विचारत नाही. आमच्याकडं माणसं असली की सकाळी वीस-बावीस होतात. एवढ्या भाकरी ज्या तव्यावर व्हायच्या, तो हलत असेल तर बाकीच्या गुणांना काय चाटायचं?

भाकरी ही चपातीपेक्षा नाजूक बाब आहे. ज्वारी-बाजरीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळं थापलेली भाकरी उचलून तव्यावर टाकेपर्यंत जीव मुठीत. टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची, आणि दुसरी बाजू भाजली की तवा बाजूला सारून थेट जाळावर फुगवायची. आतली वाफ पापुद्रा वर उचलते ती तिथं. यात तवा एकदा जरी कलला तर भाकरीला चीर पडते आणि वाफ तिथून निघून जाते. मग पापुद्रा कसला, नुसती भाजलेली थापी.

पुढच्या रविवारी गावी चाललो होतो. उसाचा हंगाम सुरू झालेला, रस्त्यात ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या आणि रानाच्या कडेला बीडकडून आलेल्या तोडकऱ्यांच्या कोप्या. एका कोपीपुढं तीन दगडांवर तवा होता आणि एक बाई एका हातानं पाचट सारत दुसऱ्या हातानं भाकरी उलटत होती. मी गाडीतून तो तवाच पाहत होते. ढिम्म हलत नव्हता. आमचे हे भूमितीचे शिक्षक, मी विचारायच्या आत म्हणाले, "तीन टेकू असले की काहीही डुगडुगत नाही. चौथा आला की भानगड." खरंच की. तीन बिंदूंवर कुठलीही वस्तू बसतेच, दगड उंचसखल असले तरी. चौथं बोट तसूभर वर-खाली असेल, किंवा आत्यांच्या तव्यासारखं बूड पस्तीस वर्षांत थोडं वाकलं असेल, तर एक टोक अधांतरी राहतं. मातीच्या चुलीलाही वर तीनच उंचवटे असायचे. ते मी लहानपणापासून पाहिले होते, पण मोजले नव्हते.

चुलीची रचना आता नव्या शेगडीच्या शेजारी ठेवून पाहिली की गंमत वाटते. पुढं मोठा जाळ, त्यावर तवा. शेजारी वैल, तिथं चुलीतून आलेली धग पोचते, आमटी रटरटत राहते. आणि मागं भानवस, तिथं दुधाचं भांडं नुसतं कोमट. एका जाळात तीन आचा. हॉबवाल्यांनी हेच केलंय, फक्त प्रत्येक आचेला वेगळा जाळ दिलाय: लहान बर्नर साधारण एक किलोवॉटचा, मधला पावणेदोनच्या आसपास, मोठा साडेतीन-चारचा. चहा मोठ्यावर ठेवणाऱ्यांची ज्योत भांड्याबाहेर पडून गॅसचे पैसे हवेत जातात.

पण चुलीचा उमाळा मला येत नाही, आत्यांना तर नाहीच. पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवण ते इंदापूर 'चुलीवरचं मटण', 'चुलीवरची भाकरी' अशा पाट्यांची रांग लागली आहे. हे एकदा म्हणाले, काय चव असते! आत्या म्हणाल्या, "त्या भाकरी करणारणीला इचार, रात्री डोळं चुरचुरतात का." धुराचा प्रश्न सुटावा म्हणून आपल्या शेजारी फलटणला केवढं काम झालंय, ते या पाट्यांखाली जेवणाऱ्यांना बहुधा माहीतही नसेल. डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेनं रानात जाळून टाकलं जाणारं उसाचं पाचट बंद भट्टीत भाजून त्याचा कोळसा केला, त्याच्या कांड्या केल्या, आणि त्यासाठी २००२ मध्ये इंग्लंडचं अॅश्डेन पारितोषिक मिळवलं. २००६ मध्ये त्यांना तेच पारितोषिक पुन्हा मिळालं, ओट्यावरच्या खरकट्यापासून गॅस करणाऱ्या लहान संयंत्रासाठी. अजूनही आमच्या भागात हंगामात रात्री पाचटाचे जाळ दिसतात, आणि सकाळी ओट्यावर काळी फुलं पडलेली असतात. असो. शेगडीकडं येते.

काचेची शेगडी मी वापरलेली आहे, आणि तिनंच मला शहाणं केलं. भाड्याच्या घरात असताना दिवाळीत चिवड्याची मोठी कढई दोन बर्नर झाकून ठेवली होती. तासाभरानं पिस्तूल झाडल्यासारखा आवाज झाला आणि सगळी काच साखरेच्या खड्यांएवढ्या तुकड्यांत ओट्यावर. असे बोथट तुकडे होतात म्हणूनच ही काच वापरतात, सुऱ्यासारखे फाळके उडत नाहीत. पण चिवडा गेला. पसरट भांडं ज्योत आणि धग खाली काचेकडं ढकलतं, तापलेल्या काचेवर गार पाण्याचं फडकं फिरलं तरी तोच प्रकार होतो, आणि कधी काचेतच घडणीपासून बारीक खोट असते. दुकानदारानं कार्ड दाखवलं: वॉरंटीत काच नाही. सहा मिलिमीटर की आठ, हे मी तेव्हा विचारलंही नव्हतं. ओटा आरशासारखा दिसावा असं ज्यांना वाटतं त्यांनी काच जरूर घ्यावी, पण पुरणावरणाची पातेली दुसरीकडं चढवावीत.

ओट्यात बसवायच्या हॉबबद्दल माझी खरी तक्रार वेगळी आहे. शेगडी ओट्यावर असली की नळी डोळ्यासमोर असते. हॉब बसवला की नळी खाली ट्रॉलीच्या कपाटात जाते आणि पाच वर्षांनी ती बदलायची हे कुणाच्या लक्षात राहत नाही. आपला टाकीतला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर खिडकीतून जात नाही, खाली साचतो. कपाटाला तळाशी जाळी नसेल तर तो तिथंच, आणि शेजारच्या खणात आपण काड्यापेट्या ठेवतो. ट्रॉलीवाल्याला जाळीचं विचारलं तर तो म्हणाला, "झुरळं येतात, मॅडम."

हॉब घ्यायचाच असेल तर ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद करणारा आहे का, ते आधी विचारावं. बर्नरशेजारी छोटीशी कांडी असते. ती तापलेली असेल तोवर गॅस चालू, दूध उतू जाऊन ज्योत विझली की कांडी गार होते आणि झडप मिटते. सगळ्या मॉडेलात नसते, आणि दुकानात तिच्याबद्दल आपणहून कुणी बोलत नाही. ग्रॅनाइट कापण्याआधी हेही ध्यानात घ्यावं की प्रत्येक मॉडेलचं भोक वेगळ्या मापाचं. सात-आठ वर्षांनी हॉब बदलायचा तर त्याच मापाचा शोधत फिरावं लागतं.

मुलगा पुण्याहून आला की इंडक्शनचा आग्रह धरतो. त्याच्या फ्लॅटवर पाइपचा गॅस आहे, तरी तो इंडक्शनवरच रांधतो. इथं विद्या प्रतिष्ठानच्या कॉलेजांकडं खोल्या करून राहणारी मुलंही त्याच्यावरच कॉफी आणि मॅगी करतात. त्याला मी कागद-पेन्सिल दिली. १४.२ किलोच्या टाकीत साधारण १८० युनिटांइतकी उष्णता भरलेली असते. चार किलोवॉटचा बर्नर पूर्ण सोडला तर ती पंचेचाळीस तासांत संपते. आयएसआयची शेगडी त्यातली किमान ६८ टक्के भांड्यात पोचवते, म्हणजे सव्वाशेच्या आत-बाहेर. इंडक्शन ८५ टक्क्यांच्या आसपास पोचवतो. म्हणजे एका टाकीचं काम करायला त्याला १४५ युनिटं लागतील. आता याला आपल्या बिलातल्या दरानं गुणायचं, आणि आधीच शंभर युनिटांच्या पुढं असाल तर वरच्या पायरीच्या दरानं. गुणाकार करून तो गप्प बसला. मग म्हणाला, "पण घर तापत नाही." हे मात्र मला पटलं. एप्रिल-मेमध्ये बारामतीच्या ओट्यापुढं दुपारी उभं राहिलेल्या बाईला हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. पण लाइट गेली की इंडक्शन म्हणजे पोळपाट, आणि भाकरी फुगवायला त्याच्यात जाळ आणायचा कुठून? लोखंडी तवा त्यावर तापतो. चुंबक चिकटतं ना बुडाला, मग चालतो. शेवटचा फुगा मात्र येत नाही.

आता आत्यांचा निकाल. त्याच दुकानात, मागच्या रांगेत, तीन बर्नरची स्टीलची शेगडी होती, ओट्यावर ठेवायची, पितळी बर्नरची. तिच्या स्टँडची बोटं आतल्या बाजूला उतरती होती. तव्याचं पोट त्या उतारात बसलं. आत्यांनी तव्याच्या काठावर बोट दाबून पाहिलं, समोरच्या बाजूनं दाबलं, मग तळहातानं थापलं, भाकरी थापतात तसं. कुकर मागं ठेवला. दांडा मोकळा राहिला. पाच बर्नरच्या निम्म्याहून कमी किंमत. दुकानातला मुलगा जरा हिरमुसला, पण बिल करताना म्हणाला, "काकू, पुढच्या गिऱ्हाइकाला मी पण तवा आणायला सांगतो." बरोबरीनं एका बर्नरचा इंडक्शनही घेतला, चहा-दुधाला आणि उन्हाळ्यातल्या दुपारसाठी. आमच्या मुलाचं एवढं ऐकलं.

घरी आलो तर ट्रॉलीवाल्यानं ग्रॅनाइट कापून ठेवलं होतं.

"तुमचा फोन लागत नव्हता मॅडम, नेहमीच्या मापानं घेतलं कापून." बावीस इंच लांब, एकोणीस रुंद, कडा गुळगुळीत घासलेलं, अगदी सुबक भोक. ह्यांचा पारा चढला. मी त्या भोकातून खाली ट्रॉलीतलं रिकामं कपाट पाहत राहिले. नवा दगड टाकायचा म्हणजे ओट्याचा सगळा खर्च पुन्हा. आत्या मात्र भोकाच्या कडेवरून हात फिरवत होत्या. मग मिस्त्रीला म्हणाल्या, "खालून फळी मारशील का? दोन बोटं खोल ठिव."

मिस्त्रीनं फळी मारली, वरून पत्रा बसवला. शेगडी शेजारी ओट्यावर आली, नळी समोर दिसेल अशी. गृहप्रवेशाला रीतीप्रमाणं तिच्यावर दूध उतू घातलं, आणि अर्थातच पहिल्याच दिवशी बर्नरची भोकं बुजली. मी सेफ्टी पिन घेऊन ती मोकळी करत बसले. संध्याकाळी आत्यांनी परात मागितली. ओटा गुळगुळीत, त्यामुळं भाड्याच्या घरी थापताना परात सरकायची आणि त्या खाली ओलं फडकं घालायच्या. त्यांनी परात त्या दोन बोटं खोल खड्ड्यात ठेवली, पीठ घेतलं, ऊन पाणी ओतलं आणि मळायला लागल्या. परात जागची हलत नव्हती.