दहा उन्हाळ्यांची परीक्षा

मुलांनो, आमच्या गारखेड्याचं ऊन म्हणजे काय ते पाहायचं असेल, तर मे महिन्यात भर दुपारी सूतगिरणी चौकात उभे राहा! परवा गच्चीवरची प्लॅस्टिकची बादली उचलायला गेलो, तर कडी हातात राहिली आणि बादली खाली! दिसायला अगदी धड होती, पण दोन उन्हाळ्यांनी तिला ठिसूळ करून टाकलं होतं. शेजारची सहावीतली मुलगी म्हणाली, "काका, ती मोडणार हे आधीच कळलं असतं तर?"

प्रश्न लाखमोलाचा आहे. तुमच्यापैकी कुणाचे आईबाबा चिकलठाणा किंवा वाळूजच्या कारखान्यांत असतील, तर त्यांना विचारा. गाडीचा भाग कसा गंजेल हे पाहायला कुणी दहा पावसाळे थांबत नाही. तो भाग बंद पेटीत मिठाच्या पाण्याच्या धुक्यात ठेवतात. थोड्याच दिवसांत त्याचा कस लागतो!

हीच युक्ती विज्ञानातल्या एका प्रचंड यंत्रासाठीही वापरतात. जिनिव्हाजवळ 'सर्न' संस्थेचा 27 किलोमीटर घेराचा बोगदा आहे, जमिनीखाली सुमारे शंभर मीटर. तिथे प्रोटॉनचे झुबके सेकंदाला चार कोटी वेळा समोरासमोर येऊ शकतात. टकरीतून उडालेले कण टिपायला 'सीएमएस' या उपकरणात सिलिकॉनच्या पातळ चकत्या बसवल्या आहेत. कण आरपार गेला की चकतीतून विजेचा इवलासा ठोका येतो.

यातल्या सुमारे एक हजार चकत्या आपल्या देशात तयार झाल्या बरं का! मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने आणि दिल्ली विद्यापीठाने त्यावर काम केलं, आणि बंगळूरच्या 'भारत इलेक्ट्रॉनिक्स'ने त्या बनवल्या. प्रत्येक चकती चौकोनी, बाजू 6.3 सेंटिमीटर, जाडी जेमतेम 0.32 मिलिमीटर, आणि तिच्यावर 32 पट्ट्या.

पण गंमत पाहा. ज्या कणांना टिपायचं, तेच चकतीला इजा करतात! प्रार्थनेला मुलं कशी ओळीत उभी असतात? सिलिकॉनचे अणूही तसेच शिस्तीत असतात. वेगवान कण घुसला, की धक्का बसून काही अणू जागचे हलतात आणि ओळीत खड्डे पडतात. मग कण आलेला नसतानाही वीज झिरपत राहते, आणि खरा ठोका त्या खड्ड्यांत अडकून क्षीण होतो. चकती धड दिसते, पण आपल्या बादलीसारखी आतून खिळखिळी होते. आणि 14,000 टनांच्या उपकरणाच्या पोटात बसलेली चकती मनात येईल तेव्हा काढून बदलता येत नाही!

म्हणून परीक्षा आधीच घ्यायची. प्रत्येक चकती अंधारात ठेवून व्होल्टेज पायरीपायरीने वाढवतात आणि किती वीज झिरपते ते मोजतात. अंधार कशाला? कारण उजेड पडला तरी सिलिकॉनमध्ये वीज निर्माण होते! त्याखेरीज काही नमुन्यांवर प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनचा जोरदार मारा करतात. अनेक वर्षांची इजा थोड्या वेळात! मग तेच मोजमाप पुन्हा. हे नमुने यंत्रात कधीच जात नाहीत. ते मार खातात, म्हणून बाकीच्यांवर भरवसा ठेवता येतो.

या परीक्षांतून एक उपायही सापडला: थंडावा! तापमान सातेक अंशांनी उतरलं, की झिरपणारी वीज जवळजवळ निम्मी होते. म्हणून या चकत्या शून्याखालच्या तापमानात ठेवतात. त्यांनी काम चोख बजावलं. 4 जुलै 2012 रोजी 'हिग्ज बोसॉन'सारखा नवा कण सापडल्याचं जाहीर झालं, त्यात 'सीएमएस'चा वाटा होता. आता त्याच यंत्रातून मूळ योजनेच्या सुमारे दहापट माहिती गोळा करायची तयारी चालू आहे. म्हणजे मारही तितकाच जास्त, आणि चकत्यांची परीक्षाही अधिक कडक!

आता तुमची पाळी. जुन्या वर्तमानपत्राचे पाच सारखे तुकडे कापा. एक कपाटात ठेवा, चार गच्चीवर उन्हात दगडाखाली. दर रविवारी उन्हातला एक आत आणून त्यावर तारीख लिहा. महिन्याने पाचही शेजारी मांडा आणि सांगा पाहू, सहा महिन्यांनी तो कागद कसा दिसेल?