फलकावर न दिसणारा खेळ

याही आठवड्यात क्रीडापानावर सांघिक सामन्यांच्या बातम्या एकेका नावानं सुरू झाल्या. अमक्यानं सामना जिंकून दिला, तमक्यानं संघ एकहाती तारला. या सदराच्या वाचकांना माझं हे दुखणं जुनंच आहे. आज त्यावर बास्केटबॉलचा दाखला देतो, कारण कोर्टवर एका बाजूनं पाचच जण असतात. एकट्याची छाप पडायला एवढा वाव दुसऱ्या सांघिक खेळात क्वचितच मिळतो. ‘एकहाती’ हा शब्द तिथंही टिकत नसेल, तर इतरत्र तो फारच जपून वापरायला हवा.

बिल रसेल १९५६ ते १९६९ असे १३ हंगाम बोस्टन सेल्टिक्सकडून खेळला आणि त्यांत संघानं ११ अजिंक्यपदं मिळवली. शेवटची दोन त्यानं खेळता खेळता प्रशिक्षक म्हणून जिंकली. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधला तो पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. कारकिर्दीत त्याची सरासरी सामन्यामागे जेमतेम १५ गुणांची. त्याचा प्रतिस्पर्धी विल्ट चेंबरलेन यानं २ मार्च १९६२ रोजी एका सामन्यात १०० गुण केले, आणि त्या हंगामात सरासरी पन्नाशीच्या वर नेली. अजिंक्यपद मात्र बोस्टनकडे गेलं, आणि खेळाडूंनी मतं देऊन सर्वोत्तम ठरवला तो रसेल.

खेळाडूंना काय दिसलं होतं, ते त्याच्या ब्लॉकमध्ये पाहता येतं. प्रतिस्पर्ध्याचा फटका अडवताना चेंडू सणसणीत टोलवून प्रेक्षकांत घालवला की टाळ्या पडतात, पण चेंडू पुन्हा समोरच्याच संघाला मिळतो. रसेल डाव्या हातानं तो नुसता थोपवायचा, कोर्टच्या आत ठेवायचा, शक्यतो आपल्याच गड्याकडे वळवायचा. तिथून त्याचा सहकारी बॉब कूझी सुसाट निघायचा आणि बास्केट दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर लागायची. ब्लॉकची अधिकृत मोजणी एनबीएनं १९७३-७४ मध्ये सुरू केली, म्हणजे रसेल निवृत्त झाल्यावर. कबड्डीत चढाईपटूचं नाव होतं आणि कोपरा सांभाळणारा बातमीत सापडत नाही, तसंच हे. माणसाचं मुख्य काम मोजलंच गेलं नाही, तर आकड्यांवरून नेता ठरवायचा कसा?

यावर आक्षेप येईल की त्याला साथीदारच नामी मिळाले. मिळाले, यात वाद नाही. पण प्रशिक्षक रेड आउरबाख, कूझी आणि बिल शर्मन रसेलच्या आधी काही वर्षं बोस्टनमध्येच होते आणि संघ एकदाही अंतिम मालिकेपर्यंत पोचला नव्हता. टॉम हाइन्सोन रसेलबरोबरच आला, त्याचंही श्रेय मान्य. तरी १९६९ पर्यंत हे तिघेही खेळाडू निवृत्त झाले होते. संघ आपल्या विभागात चौथा होता, अंतिम मालिकेत समोर चेंबरलेन, जेरी वेस्ट आणि एल्जिन बेलर असलेला लेकर्स संघ होता, आणि सातवा सामना बोस्टननं १०८-१०६ असा त्यांच्याच घरी जिंकला. पुढच्या हंगामात रसेल नव्हता. बोस्टननं ८२ पैकी ३४ सामने जिंकले आणि बाद फेरीही गाठली नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सहकार्य शिकवत बसलं तर ईर्ष्या बोथट होते. रसेलइतका ईर्ष्येचा खेळाडू शोधून सापडणार नाही. सामन्याआधी ताणानं त्याला उलट्या व्हायच्या. पण आपला खेळ कसा झाला हे तो सोबत्यांचा खेळ आपल्यामुळे किती सुधारला यावर जोखायचा. ईर्ष्या तीच, तिला दिलेलं माप वेगळं. चेंबरलेनची कहाणीही हेच सांगते. १९६६-६७ मध्ये त्यानं फटके कमी केले, पास वाढवले, सरासरी २४ वर उतरली, आणि त्याच वर्षी त्याच्या तेव्हाच्या फिलाडेल्फिया संघानं वाटेत बोस्टनला हरवून अजिंक्यपद घेतलं. कर्णधारपद हा सर्वाधिक गुण करणाऱ्याचा हक्क, हा आपला समज म्हणूनच मला घातक वाटतो.

शालेय स्पर्धा भरवणाऱ्यांना एक विनंती आहे. यंदा गुणलेखकाशेजारी एक विद्यार्थी बसवा आणि त्याला फक्त पास, अडवलेले फटके आणि सोबत्याच्या मदतीला धावणं एवढंच वहीत टिपायला सांगा. उत्कृष्ट खेळाडूचं बक्षीस ती वही वाचून द्या.