अकरा चतकोर

पूर्णांक गुणिले छेद, अधिक अंश. येईल ते अंशाच्या जागी, छेद तोच. हे सूत्र आपण दरवर्षी फळ्यावर लिहितो आणि मुले ते दोन दिवसांत पाठ करतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांतलेच एखादे मूल 2¾ साठी 2 × 3 + 4 करते आणि 10/4 लिहून मोकळे होते. सूत्र विसरले याचे मला फारसे वाईट वाटत नाही. 10/4 म्हणजे अडीच, आणि आपण निघालो होतो पावणेतीनवरून, हे त्याला खटकत नाही, याचे वाटते.

खटकत नाही, कारण त्याच्या लेखी ती एक संख्या नसतेच. एका रेघेच्या वर-खाली बसलेल्या दोन संख्या असतात. ‘तीन छेद चार’ असे वाचून आपणही तीच समजूत पक्की करतो. ‘तीन चतुर्थांश’ म्हटले की चित्र बदलते. छेद तुकड्याचे नाव सांगतो, अंश तुकडे मोजतो. तीन रुपये तसे तीन चतुर्थांश. मग अकरा रुपये असतात तसे अकरा चतुर्थांशही असणारच. अपूर्णांक एकापेक्षा लहानच असतो असे मानणाऱ्या मुलाला 11/4 ही छपाईची चूक वाटते. अंशाधिक अपूर्णांकाची ही धास्ती मोजण्यानेच जाते.

त्यासाठी भाकरीसारखे साधन नाही. तीन भाकऱ्यांचे चतकोर करा, एक चतकोर बाजूला काढा आणि उरलेले मोजायला सांगा: अकरा. आता ते पुन्हा जुळवा: दोन अख्ख्या भाकऱ्या आणि तीन चतकोर. भाकरी तेवढीच राहिली. आधी चतकोर मोजले, मग भाकऱ्या मोजल्या. रूपांतर एवढेच आहे. चारने गुणायचे, कारण प्रत्येक भाकरीत चार चतकोर असतात. उलट जाताना 11 ला 4 ने भागले की भागाकार 2, बाकी 3. इथे थांबून विचारावे, ‘बाकी तीन काय?’ ‘तीन चतकोर’ हे उत्तर ज्याने दिले, तो ती बाकी पुन्हा अकरावर मांडणार नाही.

आपल्या भाषेने हे काम अर्धे करूनच ठेवले आहे. सव्वा म्हणजे सपाद, पाऊण म्हणजे पादोन, साडे म्हणजे सार्ध. भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या ‘लीलावती’त पूर्णांकाला अपूर्णांक जोडला तर तो भागानुबंध आणि वजा केला तर भागापवाह. उदाहरणात दोन्ही शेजारी आहेत: पाव मिळवलेले दोन आणि पाव उणे तीन. उत्तरे 9/4 आणि 11/4. म्हणजे सव्वादोन आणि पावणेतीन! पाठ्यपुस्तक 2 × 4 + 3 शिकवते, पण ‘पावणेतीन’ हा शब्द 3 × 4 − 1 सांगतो. दोन्ही वाटांनी अकराच येतात. दोन्ही फळ्यावर मांडाव्यात; घड्याळात पावणेतीन वाचणाऱ्या मुलाला दुसरी वाट आधी सुचली, तर तिला चूक म्हणू नये. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकीचे पाढे पुन्हा घोकून घ्यावेत असे मी म्हणत नाही. त्या पाढ्यांतली पावाची ओळख मात्र गमावू नये.

भाषेची ही मदत पावापर्यंतच पुरते. 17/5 ला बोलीत नाव नाही. म्हणून चतुर्थांश हातात बसले की सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या घ्याव्यात, प्रत्येकीचे पाच भाग करावेत आणि मोठ्याने मोजावे: एक पंचमांश, दोन पंचमांश… पाच पंचमांशांना एक पट्टी पुरी. सतराव्यापर्यंत गेल्यावर तीन पट्ट्या पुऱ्या आणि दोन पंचमांश वर, हे मुलेच सांगतात. त्यानंतर सूत्र आले, तर ते त्यांनी केलेल्या कामाची नोंद म्हणून येते.

राहिला प्रश्न कोणते रूप कधी वापरायचे याचा. कापड पावणेतीन मीटर मागावे. दुकानात अकरा चतुर्थांश कोणी मागत नाही. पण 2½ × 1½ करताना मुले दोन एके दोन आणि अर्ध्याचा अर्धा पाव असे करून सव्वादोन लिहितात. चौकटीच्या कागदावर तो आयत काढला की सुटलेले दोन तुकडे दिसतात, एकाचे क्षेत्रफळ एक आणि दुसऱ्याचे अर्धा. खरे उत्तर पावणेचार. 5/2 × 3/2 = 15/4 असे केले तर काहीच सुटत नाही. अंशाधिक रूप हे अर्धवट सोडलेले उत्तर नव्हे, गुणाकार-भागाकाराचे ते सोयीचे रूप आहे. प्रश्नात मागितले नसेल, तर 15/4 लिहिणाऱ्याचा गुण कापू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या महिन्यात एवढे करून पाहा. आठवडाभर सूत्र फळ्यावर लिहू नका आणि प्रत्येक अपूर्णांक तुकड्याच्या नावाने वाचा. मुले मोजताना काय बोलतात, कुठे अडतात, ते टिपून आम्हाला कळवा. आठवड्याच्या शेवटी एखाद्या मुलाने 10/4 लिहून स्वतःच ‘हे तर अडीच झाले’ म्हणत ते खोडले, तर तेही कळवा.