बाबागाडीस मज्जाव

तान्ह्या मुलास बाबागाडीत बसवून, ती गाडी पुढे ढकलीत एखाद्या बाईने दहा-वीस किलोमीटरांची शर्यत धावावी, ही कल्पना कानी पडताच आमच्या सुशिक्षित मंडळींच्या भुवया चढतात. ‘असली कसली हौस! लेकराचे हाल कशाला?’ हा त्यांचा ठरलेला उद्गार. हेच एखाद्या बापाने केले तर मात्र तीच मंडळी कौतुकाने मान डोलावितात. गाडी तीच, मूल तेच, रस्ताही तोच. दांडीवरचे हात बदलले की हौसेचे वात्सल्य होते! हा न्याय आम्हांस मान्य नाही.

आक्षेप नवा नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. 1967 साली कॅथरिन स्विट्झर ही तरुणी बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये छातीवर क्रमांक लावून धावू लागली, तेव्हा शर्यतीच्या एका अधिकाऱ्याने भर रस्त्यात धावत येऊन तो क्रमांक ओढून काढण्याचा प्रयत्न केला. इतके अंतर धावल्याने स्त्रीच्या गर्भाशयास इजा होते, असे त्या काळी शहाणी माणसे गंभीरपणे सांगत. बॉस्टनने स्त्रियांस रीतसर प्रवेश दिला तो 1972 साली, आणि ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन आली ती 1984 साली. त्याआधी, 1948 च्या लंडन ऑलिंपिकला हॉलंडची फॅनी ब्लँकर्स-कून निघाली, तेव्हा दोन मुलांच्या आईने घरी बसावे असा उपदेश तिला पुष्कळांनी केला. ती चार सुवर्णपदके घेऊन परतली. गर्भाशयाची भीती कालांतराने विरली. उपदेशाची खोड तेवढी शिल्लक राहिली, आणि आता ती बाबागाडीच्या दांडीला येऊन लोंबकळली आहे.

याचा अर्थ मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्नच नाही असा मुळीच नव्हे. उलट, तो प्रश्न नीट विचारला जात नाही हीच आमची तक्रार आहे. सहा ते आठ महिन्यांच्या आतील मुलाची मान धावत्या गाडीचे हिसके सोसण्याइतकी बळकट झालेली नसते; त्यास घेऊन धावू नये, असे बालवैद्य सांगतात व ते सर्वथा योग्य आहे. बाजारात मिळणारी साधी चारचाकी गाडीही या कामाची नव्हे. धावण्यासाठी मोठ्या हवाभरल्या चाकांची तीनचाकी गाडी लागते. पुढचे चाक धावताना सरळ जखडलेले असावे लागते, मुलाच्या खांद्यांवरून, कमरेवरून व पायांमधून पट्टे यावे लागतात, आणि एक पट्टा धावणाऱ्याच्या मनगटाला बांधलेला असावा लागतो, म्हणजे हात सुटला तरी गाडी उतारावर निघून जात नाही. याहून एक बारीक गोष्ट अशी की धावणारा घामाने निथळत असताना गाडीतले मूल स्वस्थ बसलेले असते. पहाटेच्या गारव्यात आईला उकडते तेव्हा बाळ काकडत असू शकते. आणि आमच्या कोकणात ऊन लागू नये म्हणून टपावर जाड फडके टाकले तर आत वाराच खेळत नाही. हे ज्यास ठाऊक आहे, तो धावो. ज्यास ठाऊक नाही, त्यास थांबविण्याचा अधिकार आहे. पण तो माहितीच्या बळावर, भुवयांच्या नव्हे.

शर्यतींच्या चालकांचे म्हणणे निराळे असते, आणि त्यात तथ्य आहे. हजारो माणसे एकमेकांस खेटून सुटतात तेव्हा गाडीच्या चाकात कोणाचा पाय अडकेल याचा नेम नाही. न्यूयॉर्कसारख्या प्रचंड शर्यतीत बाबागाडीस मज्जाव आहे, तो काही मातृद्वेषाने नव्हे. पण नियम कोठे संपतो आणि अडवणूक कोठे सुरू होते हे पाहावे लागते. जन्मतः मेंदूच्या पक्षाघाताने पांगळा झालेल्या रिक हॉइट या मुलास चाकांच्या खुर्चीत बसवून त्याचा बाप डिक 1977 पासून शर्यती धावू लागला. बॉस्टनने त्यांस रीतसर क्रमांक देण्यापूर्वी अट घातली ती रिकच्या वयोगटाच्या वेळेची, म्हणजे खुर्ची ढकलणाऱ्या चाळिशीच्या बापाने विशीतल्या जवानाच्या वेगाने धावून दाखवावे! डिकने ते करून दाखविले. पुढे 2013 साली त्याच शर्यतीच्या आरंभस्थानाजवळ बापलेकांचा पुतळा उभा राहिला. पुतळे उभारण्यात जगातील कोणतीच संस्था मागे नसते. आधी वाट देण्याचे मात्र जिवावर येते.

2018 साली सोफी पॉवर ही इंग्रज बाई तीन महिन्यांचे मूल असताना मॉन्ट ब्लँक पर्वताभोवतीची सुमारे 170 किलोमीटरांची शर्यत धावली, आणि वाटेत बसून मुलास पाजतानाचे तिचे छायाचित्र जगभर गेले. लोकांनी वाहवा केली. पण ती इतक्या लवकर का धावली, हे थोड्यांनीच विचारले. त्या शर्यतीत जखमी धावपटूस आपला प्रवेश पुढील वर्षावर नेता येत असे. गर्भवतीस ती सवलत नव्हती. नियम बदलला तो त्या छायाचित्रानंतर. आमच्याकडे 2017 च्या कायदादुरुस्तीने पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती केली. हजारोंकडून शुल्क घेणाऱ्या शर्यतीच्या चालकांना अंतिम रेषेजवळ एका सकाळपुरते पाळणाघर का उभारता येऊ नये? गाडीस मज्जाव करावयाचा असेल तर मुलास ठेवावयाची जागा द्या. जागा देता येत नसेल तर गाड्यांना सर्वांच्या मागून, वेगळ्या रांगेत सुटू द्या. दोन्ही नाकारून ‘सर्वांचे स्वागत’ असे फलक लावू नका.

पण शर्यत वर्षातून एकदाच येते. तिच्या सरावाचे काय? येथे आम्ही वाचकांस आमच्या नागोठण्यास येण्याचे आमंत्रण देतो. पेणहून नागोठण्यास येणारा महामार्ग लांबीने अर्ध्या मॅरेथॉनच्या आसपास भरतो. सरावास अंतर अगदी सोयीचे! त्याच महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरांच्या टप्प्याचे रुंदीकरण 2011 साली सुरू झाले आणि दशकाहून अधिक काळ रखडले. खड्डे, धूळ, कारखान्यांचे टँकर आणि त्यांच्या कडेने जीव मुठीत धरून चालणारी माणसे, हे दृश्य कोकणवासीयांस नव्याने वर्णन करून सांगावयास नको. पादपथाची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर असावी असे भारतीय रस्ते काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये पादपथाचा हक्क हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग ठरविला. अंबा नदीवर शेकडो वर्षांचा जुना दगडी पूल उभा आहे. तो अरुंद आहे खरा, पण बांधणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पायी जाणारा माणूस होता. त्याच्यानंतरच्या रस्तेकर्त्यांच्या डोळ्यांसमोर कोण होते?

आमच्या गावांत बाबागाडी दिसत नाही ती केवळ पैशाअभावी नव्हे. तिचे चाक टेकावयास सपाट जागाच नाही. म्हणून मूल कडेवर. कातकरी बाई डोक्यावर लाकडाची मोळी आणि पाठीशी झोळीत पोर घेऊन कोसच्या कोस चालत येते, वीटभट्टीच्या हंगामात पोराबाळांसह परमुलखी जाते. तेव्हा ‘लेकराचे हाल’ हा उद्गार कोणाच्या तोंडून निघत नाही. पोटासाठी मुलास उन्हातून नेले तर ते प्रारब्ध, आणि आपल्या शरीराच्या आरोग्यासाठी सावलीच्या गाडीतून नेले तर तो स्वैराचार!

रायगड आमच्याच जिल्ह्यातला. हिरकणीची आख्यायिका येथे पोरांस दुधाबरोबर पाजली जाते. बाळास घरी ठेवून ती दूध विकावयास गडावर गेली, दरवाजे बंद झाले, आणि ती कडा उतरून गेली. पुढे महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधविला, असे सांगतात. गडाच्या रक्षणास ते आवश्यकच होते. आम्हांस खटकते ते पुढच्यांचे. साडेतीनशे वर्षे आम्ही त्या बुरुजाची गाणी गात आहोत, आणि कामावर जाणाऱ्या आईने बाळाचे काय करावे हा त्या गोष्टीतला साधा प्रश्न कोणीच हाती घेतला नाही. कडा उतरणारी आई आम्हांस पूज्य; बाळास बरोबर घेऊन निघणारी आई उथळ.

आमच्या आक्षेपकांस एक विनंती आहे. पावसाळा संपला की एखाद्या सकाळी नातवास बाबागाडीत बसवून त्यांनी नागोठण्याच्या बाजारातून रेल्वे स्थानकापर्यंत जाऊन यावे. धावत नव्हे, चालत. मग लेकराचे हाल कोण करते याविषयी त्यांनी खुशाल लेख लिहावा. तो आम्ही याच पृष्ठांवर आनंदाने छापू.