गाडी विका, सही विकू नका



कापसाच्या मापात किलोभर घट धरली तर आपण भांडतो. जुनी डिझेल पिकअप विकताना मात्र कोऱ्या फॉर्मवर सही करून मोकळे होतो. पैसे मिळाले, विषय संपला? नाही! आरटीओच्या दप्तरात नाव तुमचे, तोवर कायद्याने मालक तुम्हीच. विमा नसताना अपघात झाला तर भरपाई तुमच्या डोक्यावर. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच सांगितले.

१९८८ चा मोटार वाहन कायदा सोपा आहे. राज्यातच विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत फॉर्म २९ द्यायचा, घेणाऱ्याने ३० दिवसांत फॉर्म ३०. बँकेचा बोजा आधी उतरवा. दलालावर भिस्त नको. घेणाऱ्याला घेऊन स्वतः आरटीओत जा. आरसीवर नाव बदललेले डोळ्यांनी पाहा, मगच निश्चिंत झोपा.